पुढच्या शॉकअपची जावक नोंद

लोहाऱ्याच्या गौरीशंकरनं आपल्या मोटारसायकलच्या पुढच्या दोन्ही शॉकअपची ऑइल सीलं घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं बदलली आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या सीलांमधून तेलाचा एक थेंबही बाहेर आलेला नाही.

हे वाक्य वाचून झालं असेल तर आता विसरून जावं. असं काही घडलंच नाही, असा ठराव गौरीशंकरच्या घरात झालेला आहे. सूचक त्याची बायको शिवरंजनी, अनुमोदक तो स्वतः. आई इरम्मा तटस्थ राहिली, कारण ठराव मांडला तेव्हा ती तेलाची वाटी शोधत होती.

तर, जे घडलंच नाही ते असं घडलं.

गौरीशंकर एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक आहे. बाहेरून आलेला कागद आवक वहीत लिहायचा, आतून गेलेला जावक वहीत. मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं, हा प्रश्न त्यानं आठ वर्षांत एकदाही विचारलेला नाही. म्हणूनच कचेरीत त्याच्याविषयी चांगलं बोललं जातं.

गाडी सासऱ्यांनी लग्नात दिलेली. सासरे म्हणजे मुरूमचे शिवशरण, पेंडीचे व्यापारी. करडई, शेंगदाणा, सरकी यांचं तेल निघून गेल्यावर जे उरतं ते विकून त्यांनी दुमजली घर बांधलं. त्यामुळं कुठल्याही वस्तूतनं काय निघून गेलंय आणि काय उरलंय, हे त्यांना लांबूनच कळतं. जावयाकडंही त्यांनी तसंच बघितलं होतं आणि भर मांडवात म्हणाले होते, "पोरगा चांगला हाय. कागदातला हाय. हाताचं काम जमायचं न्हाय, पर चालतंय." गाडीची किल्ली त्यांनी दिली, कागद मात्र आपल्याच नावावर ठेवले. गाडी कशी ठेवताय ते बघू, मग करू नावावर, असं ठरलं. त्याला दोन वर्षं झाली. मुरूमहून आले की ते आधी गाडी बघत, मग लेक, मग वेळ उरला तर जावई.

गौरीशंकरला त्या गाडीवर आपलं नाव हवं होतं. दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसानं एका ठिकाणी आपलं नाव असावं असं म्हटलं, तर ती काही फार मोठी मागणी नव्हे.

अशात दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्याला दिसलं की पुढच्या दोन्ही शॉकअपचे चकचकीत दांडे तेलानं ओले झालेत. त्यानं पुसले. दुसऱ्या सकाळी परत ओले. तिसऱ्या सकाळी त्यानं, कुठलाही जबाबदार लिपिक करील तेच केलं. वही घातली. दिनांक, बाजू, गळालेल्या तेलाचं अंदाजे माप, शेरा. रोज सकाळी कापसानं तेल टिपायचं, अंदाज घ्यायचा, लिहायचं. डावीकडं एक चमचा, उजवीकडं एक चमचा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या दिवशी त्यानं 'चिंताजनक' लिहिलं, आणि पुढं चाळीस दिवस 'वरीलप्रमाणे'.

शेजारी राजशेखरअप्पा राहतात. एका पाणीपुरवठा योजनेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. गळती हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला की ते चप्पल घालून येतातच. त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं, तेल अंगठ्यावर चोळलं आणि आतलं तेल धरून ठेवणारं रबरी सील गेलंय असं सांगितलं. गौरीशंकरनं विचारलं की दिवसभर गाडी चालवतो तेव्हा दांडा कोरडा असतो, आणि सकाळी बघावं तर ओला. उभ्या गाडीतनं तेल कसं येतं? अप्पा त्याच्याकडं कीव आल्यासारखे बघू लागले. रात्री गावात कुणी नळ सोडत नाही, म्हणून रात्रीच पाईपलाईनीत प्रेशर वाढतं आणि रात्रीच ती फुटते. शॉकअपचंही तेच. तीस वर्षांत त्यांनी दिवसा फुटलेली पाईपलाईन पाहिलेली नव्हती, कारण दिवसा तिच्यात पाणीच नसे.

शिवरंजनी शाळेत गणित शिकवते. तिनं एका रविवारी वही चाळली, गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं आणि सांगितलं, "अहो, एका शॉकअपमध्ये एकशे सत्तर मिली तेल असतं. दोन्हीत मिळून तीनशे चाळीस. तुमच्या वहीप्रमाणं आतापर्यंत चारशे मिली बाहेर पडलंय."

"मग?"

"जेवढं होतं त्याहून जास्त कसं बाहेर पडलं?"

गौरीशंकरला यात वावगं काही दिसलं नाही. सरकारी वहीत आलेल्याहून गेलेलं जास्त असं कैकदा होतं, आणि तशा वेळी मार्चअखेर एक खुलासा जोडतात. तिनं वही मिटली आणि स्वयंपाकघरात गेली. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, पण कुठं वाद घालायचा आणि कुठं पातेलं घासायचं हे तिला कळायला लागलं होतं.

मग तो सील आणायला गेला. दुकानदारानं विचारलं, गाडी कोणत्या सालची? मधल्या काळात कंपनीनं सील बदललंय. साल कागदावर, कागद मुरूमला. दुकानदार म्हणाला, मोबाईलवर सरकारी ॲपमध्ये नंबर टाका, कागद दिसतो. गौरीशंकरनं नंबर टाकला. ॲपनं कळवलं की मालकाच्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी पाठवलेला आहे. मालकाचा मोबाईल मुरूमला पेंडीच्या पोत्यावर होता. दोन मिनिटांत तिकडनं फोन आलाच.

"जावईबापू, मला एक नंबर आलाय. गाडीचं नाव हाय त्यात."

"हो मामा, तो मला सांगा."

"खाली लिहिलंय, कुणालाबी सांगू नका."

"मी विचारतोय मामा. तुमचा जावई."

"कुणालाबी म्हंजे त्यात जावई आलाच की."

नंबर काही मिळाला नाही. पण नंबर कशाला हवाय, गाडीला काय झालंय, हे सासऱ्यांनी विचारलंच. गाडी चाळीस दिवस गळतेय असं सांगितलं असतं तर कागद मुरूमलाच राहिले असते. म्हणून गौरीशंकरच्या तोंडून निघून गेलं की काही झालेलं नाही, नेहमीचं सर्व्हिसिंग आहे आणि ते तो घरीच, स्वतःच करतो.

पलीकडं पोत्यावरून सरकल्याचा आवाज आला.

"घरी? सोत्ता?"

"हो. पहिल्यापासून."

"मग येतो की येळवशीला," सासरे म्हणाले. "आंबिलाचं बिंदगं घेऊन तुमच्याच मागं बसतो. कागदबी आणतो संगं. बघू."

तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुकानदारानं कीव येऊन दोन्ही प्रकारची सीलं, शॉकअपच्या तेलाच्या बाटल्या असं सगळंच बांधून दिलं आणि जे बसेल ते तुमचं म्हणाला.

आता येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. ज्याला इकडची माहिती नाही त्याला एवढंच सांगावं की त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, तिच्यात पाच पांडवांचे दगड मांडून लक्ष्मी पुजायची, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेलं आंबील पिकावर शिंपडायचं, शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे पोट फुटेपर्यंत खायचे, आणि ज्याला शेत नाही त्याला हात धरून आपल्या शेतात न्यायचं. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन चालत जायचा रिवाज. हल्ली ते मोटारसायकलवर जातं. गौरीशंकरचं शेत माकणी रस्त्याला, सहा किलोमीटर.

खरं तर स्वतः काम करायचा त्याचा इरादा नव्हता. तोंडानं स्वतः म्हणायचं आणि गाडी गुपचूप स्टँडजवळच्या दिग्विजय मेस्त्रीकडं टाकायची, असा साधा सरळ बेत होता. पण येळवशीला अख्ख्या तालुक्याची गाडी शेतात जाते, म्हणून त्या आठवड्यात अख्ख्या तालुक्याची गाडी मेस्त्रीकडं असते. दिग्विजयनं आदल्या दिवशीची दुपार दिली. गौरीशंकरनं अर्धा दिवस किरकोळ रजा टाकली. कारण 'पुढील चाकासंबंधी' असं लिहिलं. साहेबांनी त्यावर 'पुढील म्हणजे कधीचे?' अशी शंका काढली, खुलासा मागवला, खुलासा आवक झाला, रजा मंजूर होईस्तोवर दोन वाजले. तो गॅरेजला पोचला तेव्हा दिग्विजय शटर अर्धं ओढून कुलूप शोधत होता. त्याच्या आईनं भज्जीच्या शेंगा सोलायला घरी बोलावलं होतं. त्यानं जाता जाता तोंडी तीन सूचना दिल्या. चाक काढा. खालचा बोल्ट ढिला करा. वरचं टोपण सोडताना तोंड बाजूला ठेवा.

गौरीशंकरनं गाडी घरी आणली आणि अंगणात चाक काढलं. खालचा बोल्ट अप्पांच्या मदतीनं ढिला केला. हे करताना मोबाईलवर एक अकरा मिनिटांचा व्हिडिओ चालू होता. त्यातल्या माणसाचे हात शेवटपर्यंत स्वच्छ होते. गौरीशंकरचे दुसऱ्या मिनिटाला कोपरापर्यंत काळे झाले, म्हणून पुढचा व्हिडिओ त्याला नाकानं पुढं ढकलावा लागला. त्यात तो दोनदा एका भेंडीच्या भाजीकडं गेला.

तिसरी सूचना त्याला आठवत होती. तोंड त्यानं बाजूलाच ठेवलं होतं. पण टोपण कुठं जाईल याबद्दल मेस्त्री काही बोलला नव्हता. शेवटचा आटा सुटला आणि आतल्या स्प्रिंगनं ते टोपण असं उडवलं की अप्पांच्या टोपीवरून, तुळशीवरून, पत्र्याला टाण्णकन् लागून ते नेमकं ओसरीत गेलं. ओसरीत उद्याचं आंबिलाचं बिंदगं होतं. इरम्मानं पहाटे अंघोळ करून, सोवळ्यात, कुणाची सावली पडू न देता शिजवलेलं.

दोघं पळत गेले. बिंदग्याच्या तोंडाला पांढरं फडकं ताणून बांधलेलं होतं आणि त्याच्या बरोब्बर मधोमध, देवाला वाहिल्यासारखं, ते टोपण बसलं होतं. तेलाचा एक ओघळ फडक्याच्या कडेकडं निघाला होता. गौरीशंकरनं तो आपल्या शर्टाच्या बाहीवर घेतला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं मोकळा श्वास सोडला. अप्पांनीही सोडला, कारण इरम्माच्या हातची शेंगाची चटणी ते वर्षभर खातात आणि ती बंद होणं त्यांना परवडलं नसतं.

जुनं तेल एका भांड्यात काढलं. शिवरंजनी शाळेतून आली होती, तिनं मोजलं. डावीकडून एकशे सत्तर. उजवीकडून एकशे सत्तर.

"भरलेलंच आहे," ती म्हणाली.

अप्पांनी समजावलं की यात नवल नाही. गावात आठ-आठ दिवस पाणी नसायचं तेव्हाही त्यांची टाकी भरलेलीच असायची. तिनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, भांडं खाली ठेवलं आणि भज्जीची भाजी निवडायला गेली.

सील काढणं सोपं निघालं. पेचकसानं उचकटताना फाटलंच, म्हणजे आता मागं फिरणं नाही. बसवणं अवघड. नवीन सील दांड्यावरून खाली सरकवून चारी बाजूंनी सारखं ठोकावं लागतं, त्यासाठी त्या मापाचा पाईप लागतो. व्हिडिओतल्या माणसाकडं खास हत्यार होतं. अप्पांनी आजूबाजूला नजर फिरवली. समोर गजराबाई आपल्या उंबऱ्यावर बसून मघापासून सगळं बघत होत्या, आणि त्यांच्या दारात घेवड्याचा वेल ज्याच्यावर चढवलाय तो प्लास्टिकचा पाईप तंतोतंत त्याच मापाचा होता.

गजराबाईंनी पाईप दिला. वेल हातानं धरून ठेवते तोवर लवकर परत करा, म्हणाल्या. पण पाईप आठ फुटी. तो शॉकअपवर उभा केला की ठोकायला पत्र्यावर चढावं लागत होतं. अप्पा चढायला तयार होते. गौरीशंकरनं विचार करून पाईपाचा दीड फुटाचा तुकडा कापला, सीलं ठोकली, ती वाकडी बसली, ती काढून दुसऱ्या प्रकारची ठोकली, ती बसली. मग तो साडेसहा फूट पाईप घेऊन समोर गेला. गजराबाई तासभर वेल धरून उभ्या होत्या.

"ह्यो माजा न्हाय," त्या म्हणाल्या.

"तुमचाच आहे काकू. कापलाय थोडा."

"मग वेलबी वरनं कापून दे. मापात बसंल."

तो वेलाला साडेसहा फूट पाईप टेकवून परत आला. कचेरीत त्याच्याशी असं कुणी बोलत नाही.

तेल भरताना शेवटचा घोळ झाला. शिवरंजनी आतून ओरडून सांगत होती, एकशे सत्तर. अप्पांचं म्हणणं, गळणार आहेच तर चार घोट जास्त टाका, म्हणजे उद्या दिवसभर पुरेल. पाणीपुरवठ्यात ते असंच करत. गौरीशंकरला दोन्ही बाजूंचा मान राखायचा होता. त्यानं अडीचशे-अडीचशे टाकलं. टोपण बसवायला दोघांना अंगाचा भार द्यावा लागला. चाक चढलं, बोल्ट आवळले, एक वॉशर उरलं ते अप्पांनी आठवण म्हणून खिशात टाकलं. दिवस मावळत होता. गौरीशंकरनं दांडे पुसून कोरडे ठणठणीत केले आणि वहीत लिहिलं, 'प्रकरण निकाली'.

सकाळी दांडे ओले होते.

दोन्ही. रोजच्यासारखे. डावीकडं एक चमचा, उजवीकडं एक चमचा. गौरीशंकर पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि त्याला वहीत लिहायला शब्द सुचेना. 'वरीलप्रमाणे' लिहायचं त्याच्या जिवावर आलं. आणि तेवढ्यात चौकात मुरूमची जीप थांबल्याचा हॉर्न आला.

त्यानं आत जाऊन लग्नातल्या आहेराच्या पेटीतनं दोन नवी उपरणी काढली आणि दोन्ही शॉकअपना वरपासून खालपर्यंत गुंडाळून गाठी मारल्या. वरून एकेक झेंडूचं फूल खोचलं. सासरे दारात आले. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. त्यांनी रिवाजाप्रमाणं आधी गाडी बघितली.

"ह्ये काय?"

"सण आहे मामा," गौरीशंकर म्हणाला. "गाडीलाही आहेर."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत प्रथमच काहीतरी हललं. ते नुसतंच "बरं" म्हणाले, पण त्या 'बरं'ला वजन होतं.

बायका, अप्पा आणि भज्जीची पातेली टमटमनं पुढं गेली. सासरे धोतराचा सोगा खोवून गौरीशंकरच्या मागं बसले, मांडीवर आंबिलाचं बिंदगं. पहिला खड्डा घरापासून वीस पावलांवर होता. रोज त्या खड्ड्यात गाडी पुढनं जराशी बसायची आणि उठायची. आज ती बसली नाही. शॉकअपमध्ये तेलच इतकं होतं की दांड्याला आत जायला जागा उरली नव्हती. खड्डा चाकातनं निघाला तो थेट हँडलात, हँडलातनं गौरीशंकरच्या दातांत, आणि तिथनं सीटवरून मागं सासऱ्यांकडं गेला. सासरे उडाले. बिंदगं त्यांच्या आधी उडालं, त्यांच्यानंतर बसलं, आणि फडक्याच्या कडेनं आंबिलाची एक धार त्यांच्या मानेवरून बंडीत शिरली.

गौरीशंकरनं मागं वळून बघितलं नाही. पुढं जवळपास सहा किलोमीटर रस्ता होता आणि त्यात रस्ता असा कमीच होता. दर खड्ड्याला मागून काहीतरी ओघळल्याचा आवाज येई, आणि सासरे दर वेळी एकच शब्द म्हणत, "चला." रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत कोपी उभ्या होत्या, माणसं पूजेला लागली होती. एक म्हातारा बांधावर येऊन बघतच राहिला. आंबील पिकावर शिंपडतात हे त्यानं सत्तर वर्षं पाहिलं होतं, रस्त्यावर शिंपडताना पहिल्यांदाच पाहत होता. हळूहळू त्यानं हात जोडले. रस्त्याला त्याची गरज आहे हे त्याला पटलं असावं.

शेतात पोचल्यावर सासरे उतरले. बिंदग्यात निम्मं आंबील राहिलं होतं. उरलेलं निम्मं त्यांच्या भुवया, मिशा आणि बंडीवर होतं. अप्पांनी बिंदगं हातात घेतलं आणि निम्मं पोचलं म्हणजे उत्तमच, असं योजनेच्या अनुभवावरून सांगितलं. सासऱ्यांना दिसत नव्हतं. ते चाचपडत तोंड पुसायला फडकं शोधू लागले आणि कुणी काही करायच्या आत त्यांच्या हाताला शॉकअपवरचं उपरणं लागलं. त्यांनी गाठ सोडली. उपरणं काढलं. तोंडाला लावलं.

गौरीशंकरनं डोळे मिटून घेतले. कागदांची पिशवी सीटवर होती. ती आता आल्या वाटेनं परत जाणार.

सासऱ्यांनी तोंड पुसलं आणि थांबले. उपरणं परत नाकाशी नेलं. एकदा वास घेतला. मग डोळे मिटून, दुकानात पेंडीचा नमुना बघतात तसा, दुसऱ्यांदा घेतला. मग वाकून दांड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट चक्क जिभेला लावलं.

"जावईबापू," ते म्हणाले. "ही करडी हाय. घाण्यावरची. यंदाची."

त्यांनी बोट पुन्हा एकदा चाखलं.

"शॉकअपात तुम्ही करडीचं त्याल घालताव?"

 उत्तर आलं ते कोपीतनं. पाच पांडवांच्या दगडांना चुना लावत बसलेली इरम्मा तिथूनच म्हणाली, "आतलं मला ठावं न्हाय. वरनं म्या लावते."

"अव्वा?" गौरीशंकर आईकडं वळून म्हणाला. "काय लावतेस?"

"त्याल. दिवस मावळला की माज्या गुडघ्याला लावते, वाटीत उरतंय त्येवढं हिच्या गुडघ्याला. दिवाळीपसनं. खड्ड्यात कुरकुरायली होती. पावण्यांची वस्तू हाय, जपाया नगं व्हय?" आणि मग जरा रागानं, "तू रोज सकाळी पुसून टाकायलास म्हून मुरंना गेलंय. कालच्याला तर निस्तं कोरडं केलतंस."

शिवरंजनी भाकरी वाढता वाढता थांबली. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. चाळीस दिवस, रोज दोन चमचे, चारशे मिली. हिशोब जुळला होता. मार्चअखेरचा खुलासा डिसेंबरातच मिळाला. अप्पांनी खिशातलं वॉशर चाचपून पाहिलं आणि रात्रीच्या प्रेशरबद्दल त्यांनी पुन्हा कधी काही काढलं नाही.

 गाडी गळत नव्हती. कधीच गळली नव्हती. चांगली सीलं फाडून त्यानं चांगली सीलं बसवली होती, ही गोष्ट मुरूमकराला ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांना त्यानं नजरेनंच सांगितलं. शिवरंजनीनं नजरेनंच कबूल केलं. ठरावाची सूचना खरं तर तिथंच मांडली गेली.

सासरे अजून इरम्माकडं बघत होते. आता मांडवातलं ते वाक्य परत येतंय, असं गौरीशंकरला वाटलं.

"इरम्माक्का," सासरे म्हणाले, "गरम करून लावताव का थंडच?"

"कोमट."

ते कोपीत गेले, धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि तिच्यासमोर बसले. नंतर पाऊण तास त्या कोपीत फक्त गुडघ्यांवर बोलणं झालं. भज्जी निवली, उंडे निवले, लक्ष्मीची पूजा दोनदा मागं पडली. उरलेलं आंबील गौरीशंकरनं एकट्यानंच हरभऱ्याच्या चारी कडांनी शिंपडलं. पीक वाऱ्यावर डोलत होतं आणि त्यालाही तसंच हलकं वाटत होतं.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी हात धुतले आणि पिशवीतनं कागद काढले. गाडी त्यांना पसंत होती. पुढनं जराही बसत नाही, दगडासारखी आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. (दुसऱ्याच दिवशी दिग्विजयनं दहा मिनिटांत जास्तीचं तेल काढून दिलं आणि कुणाला सांगणार नाही म्हणाला. सांगायला त्याच्याकडं गिऱ्हाईकं कमी नाहीत, पण आजवर तरी शब्द पाळलाय.)

"गाडी ज्यानं जपली, त्याच्या नावावर," सासरे म्हणाले, आणि गौरीशंकरनं शर्टाला हात पुसून पुढं केला. त्या हाताच्या वरून कागद इरम्माकडं गेले.

इरम्माला अंगठा कुठं करायचा तेवढंच विचारायचं होतं.

म्हणून गाडी आज लोहाऱ्यातच आहे, गळत नाही, आणि गौरीशंकरच चालवतो. ओटीपी इरम्माच्या बटनांच्या मोबाईलवर येतो. कुणालाही सांगू नये असं त्यात लिहिलेलं असतं हे तिला मुरूमहून खास फोन करून सांगितलेलं आहे. आणि दिवस मावळला की वाटी निघते. येळवशीनंतरच्या सोमवारी गौरीशंकरनं कचेरीतल्या कोऱ्या कागदावर, समास सोडून, खालील अर्ज लिहिला आणि देवघरासमोर ठेवला. इरम्मानं त्यावर तेलाची वाटी ठेवली. ती पोच समजण्यात यावी.

"प्रति,
मा. वाहनमालक, श्रीमती इरम्मा,
मुक्काम स्वयंपाकघर, लोहारा.

विषय : पुढील शॉकअपला करडईचे तेल न लावणेबाबत.

महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपल्या मालकीच्या वाहनाचे पुढील दोन्ही शॉकअप हे गुडघे नसून, त्यांस आतून तेल असते व ते पुरेसे आहे. सदर वाहनाची सर्व ऑइल सीले सुस्थितीत असून, ती पूर्वीही सुस्थितीतच होती. तरी आपण दररोज सायंकाळी करीत असलेली तेलमालिश तात्काळ बंद करण्यात यावी. ते शक्य नसल्यास किमान शनिवारी व सरकारी सुट्टीच्या दिवशी ती स्थगित ठेवण्यात यावी. तेही शक्य नसल्यास, वाटीत उरणारे तेल अर्जदाराच्या स्वतःच्या गुडघ्यांस, ज्येष्ठता विचारात घेऊन, वाहनाच्या अगोदर लावणेबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती."